थकलेल्या बाईचा ईसीजी आधी, व्हिटॅमिन नंतर

महोदय,

जीवनसत्त्वं आणि हृदयविकार यांच्या संबंधावर आपल्या आरोग्य पुरवणीत आलेला मजकूर वाचला. त्यात चुकीचं काही नव्हतं. फक्त शेजारच्या चौकटीत ‘हृदयासाठी व्हिटॅमिन तपासणी, महिलांना खास सवलत’ अशी जाहिरात होती, आणि आमच्या गावात मजकूर आणि जाहिरात लोक एका दमात वाचतात. सोमवारी सकाळी लॅबचं शटर वर करते तो पायरीवर बायका बसलेल्या. त्यातल्या एकीनं पेपराची घडी माझ्यापुढे धरली आणि विचारलं, “ताई, ह्या व्हिटॅमिन कमी झाला तर अटॅक येता काय गो?”

या प्रश्नाचं उत्तर शटरपाशी उभ्याउभ्या देण्यासारखं नाही, म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, पण बायकांबद्दलचा भाग कापू नका.

मी मालवण तालुक्यातल्या एका लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. रक्त काढायचं, ट्यूब फिरवायची, मशीनला लावायचं, पॅथॉलॉजिस्टांची सही झाली की रिपोर्ट हातात द्यायचा, यात माझं निम्मं आयुष्य गेलं. ड आणि बी-१२ या तपासण्या आमच्याकडे होत नाहीत. त्यांची सँपलं बर्फाच्या डब्यातून संध्याकाळच्या गाडीनं मोठ्या लॅबकडे जातात आणि दुसऱ्या दिवशी मोबाइलवर आकडे येतात. आमच्या हातात ट्यूबवर नाव घालण्याखेरीज काही काम नसतं, तरी सगळ्यात जास्त पैसे याच दोन तपासण्यांत सुटतात. म्हणजे मी हे स्वतःच्या पोटावर पाय आणून लिहिते आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की आमच्या किनाऱ्यावर व्हिटॅमिनचा रिपोर्ट हा बाईच्या हृदयतपासणीचा पर्याय होऊन बसला आहे. पुरुषाच्या बाबतीत तसं झालेलं नाही. पंचावन्न वर्षांचा पुरुष ‘छातीत जड वाटतं’ म्हणाला की त्याच्या चिठ्ठीवर ईसीजी, साखर, चरबीची तपासणी, कधी हृदयाला इजा झाली का ते सांगणारी ट्रोपोनिन ही तपासणी असते. त्याच वयाची बाई ‘दम लागतो, हातापायांत बळ नाही’ म्हणाली की चिठ्ठीवर हिमोग्लोबिन, थायरॉइड, ड आणि बी-१२. वरचं नाव अंगठ्याखाली झाकलं तरी चिठ्ठी कुणाची ते मला कळतं. लिहिणारे डॉक्टर वाईट नसतात. बाईला ‘कमजोरी’ येते आणि पुरुषाला ‘हार्ट’ येतो, ही समजूत त्यांच्याही घरात आहे आणि आमच्याही.

बाजारात बसणाऱ्या एका काकींचं सांगते. वय पन्नाशीच्या जरा पुढे. चढावर दम लागायचा. “चढाव चडताना जबडो धरता, गॅसच झालो असतलो,” असं त्यांचं त्यांनीच ठरवलेलं. एका शिबिरात त्यांचं पॅकेज झालं आणि ड जीवनसत्त्व १४ आलं. आठवड्याला एक अशा साठ हजार युनिटांच्या पुड्या मिळाल्या. दोन महिन्यांनी पुन्हा तपासायला माझ्याकडे आल्या तेव्हा आकडा ४१ होता. आकडा सुधारला, काकी नाही. खुर्चीत बसून बाही वर करेपर्यंत त्यांना धाप लागली होती. मी सहज बीपीचा पट्टा बांधला तर १७० वर १००. साखर कधी बघितली म्हणून विचारलं, तर “मागच्या बाळंतपणात”. त्यांचा धाकटा मुलगा आता कॉलेजात आहे. शिबिराच्या रिपोर्टची चार पानं होती, सगळी रंगीत, त्यात एका कोपऱ्यात हृदयाचं लाल चित्रही होतं. बीपीची नोंद कुठेच नव्हती.

ईसीजी काढला, त्यात बदल दिसले आणि त्यांना गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात धाडलं. दोन रक्तवाहिन्या अरुंद निघाल्या, स्टेंट बसले. आता काकी पुन्हा बाजारात बसतात आणि पापलेटाच्या भावावरून माझ्याशीच भांडतात. पण दोन महिने त्या हृदयाच्या दुखण्यावर व्हिटॅमिनची पुडी घेत होत्या, आणि दुखणं जबडा धरून सांगत होतं.

आता पायरीवरच्या प्रश्नाकडे येते. ड कमी असलेल्यांना हृदयविकार जास्त होतो, हे खरं आहे. २००८ साली अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या प्रसिद्ध पाहणीतून १,७३९ स्त्री-पुरुषांची माहिती आली. ज्यांचं ड १५ च्या खाली होतं त्यांच्यात पाचेक वर्षांत हृदयविकार आणि पक्षाघात मिळून सुमारे ६० टक्के जास्त दिसले. त्याच वर्षी फक्त पुरुषांवरचा दुसरा अभ्यास आला. त्यात १५ पर्यंत ड असलेल्यांना हृदयविकाराचा झटका येण्याची शक्यता, ३० च्या वर असलेल्यांच्या तुलनेत दुपटीहून जास्त निघाली. एवढं वाचलं तर कुणीही पुडी फोडेल. मीही त्या काळात आमच्या घरी सगळ्यांची तपासणी केली होती.

पण कमी आकडा आणि आजार एकत्र दिसले म्हणून एकामुळे दुसरा होतो असं ठरत नाही. जो माणूस आजारी आहे, लठ्ठ आहे, गुडघ्यांमुळे घराबाहेर पडत नाही, त्याचं ड कमी असणारच, आणि त्याच कारणांनी हृदयही बिघडणार. हे तपासायचा एकच खात्रीचा मार्ग असतो. अर्ध्या लोकांना खरी गोळी द्यायची, अर्ध्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी, आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. तेही झालं आहे. ‘व्हायटल’ नावाच्या अमेरिकी चाचणीत २५,८७१ माणसं होती, पन्नाशी ओलांडलेले पुरुष आणि पंचावन्न ओलांडलेल्या बायका. त्यातल्या निम्म्यांनी रोज २,००० युनिट ड घेतलं. पाच वर्षांहून जास्त काळ पाहिल्यावर हृदयविकारात फरक नाही, ना पुरुषांत ना बायकांत. हे निष्कर्ष २०१८ च्या नोव्हेंबरात आले. त्याआधी पाळी गेलेल्या ३६,२८२ बायकांना सात वर्षं कॅल्शियम आणि ड देऊन झालं होतं. तिथेही हृदयविकाराचे झटके तेवढेच. ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत तर आपल्याच ओळखीचा डोस होता: साठीच्या पुढच्या २१ हजारांहून अधिक लोकांना महिन्याला ६०,००० युनिट, पाच वर्षांपर्यंत. २०२३ साली निकाल आला. पुडी घेणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघाताच्या मोठ्या घटना मिळून किंचित कमी होत्या, पण इतक्या किंचित की तो योगायोगही असू शकेल.

म्हणून काकींसारख्यांना मी सांगते, की ड कमी असेल आणि डॉक्टरांनी पुडी दिली असेल तर घ्या. हाडांसाठी, स्नायूंसाठी ती उपयोगी आहे. हृदयाचा विमा म्हणून घेऊ नका.

‘कमी’ म्हणजे किती, हेही एकदा छापून यायला हवं. रिपोर्टवर ३० च्या खाली गेलं की आकडा ठळक होतो, पुढे बाण येतो आणि घरात चिंता सुरू होते. ही ३० ची रेषा २०११ साली अमेरिकेतल्या हार्मोनतज्ज्ञांच्या संस्थेनं, एंडोक्राइन सोसायटीनं, घातली. त्याच सुमारास तिथल्याच दुसऱ्या वैद्यकीय संस्थेनं २० हा आकडा जवळजवळ सगळ्यांना पुरतो असं म्हटलं होतं. २०२४ मध्ये एंडोक्राइन सोसायटीनं स्वतःच ३० चा आग्रह सोडला आणि निरोगी प्रौढांची सरसकट ड तपासणी करू नये असं सांगितलं. आमच्याकडे येणाऱ्या रिपोर्टवर बाण अजून ३० लाच आहे. बाण कुठे मारायचा हे मी ठरवत नाही, पण २४ चा आकडा बघून डोळ्यांत पाणी आणणारी बाई माझ्यासमोर बसलेली असते.

‘कोकणात एवढं ऊन, मग ड कमी कसं?’ असं मुंबईचे पाहुणे हटकून विचारतात. ऊन आहे, पण ते अंगावर पडतं कुठे? ड तयार व्हायला सूर्य वर चढलेला लागतो, म्हणजे आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते तेव्हाचं ऊन. काकी लिलावाला पहाटे जातात, तेव्हा ऊन नसतं. दिवसभर निळ्या ताडपत्रीखाली बसतात, पाचवारी साडी, डोक्यावर पदर, हातात माशांची पाटी. उघडी राहते ती कोपराखालची सावळी कातडी, आणि सावळ्या कातडीला तेवढंच ड बनवायला जास्त वेळ लागतो. शिवाय चार महिने पाऊस. तारली, पेडवे, बांगडा यांतून ड मिळतं, पण पावसाळ्यात तेही महाग.

बी-१२ ची गोष्ट वेगळी, आणि इथे महाराष्ट्राचं नाव आहे. रक्तातलं होमोसिस्टीन नावाचं द्रव्य वाढलं की रक्तवाहिन्या बिघडतात, ही कल्पना १९६९ साली किल्मर मॅककली या अमेरिकी डॉक्टरांनी मांडली. होमोसिस्टीन खाली ठेवायला बी-१२, फोलेट (म्हणजे फोलिक अ‍ॅसिडच्या जातीचं जीवनसत्त्व) आणि बी-६ लागतात. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं, तर तब्बल दोन तृतीयांश पुरुषांत बी-१२ कमी निघालं. सगळ्यात वाईट स्थिती शहरी मध्यमवर्गाची होती. तेव्हा सगळ्यांना वाटलं की भारतीयांच्या हृदयविकाराची किल्ली सापडली. पण २००६ साली ‘होप-२’ ही चाचणी आली. हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्या साडेपाच हजार रुग्णांना पाच वर्षं बी-१२, बी-६ आणि फोलिक अ‍ॅसिड दिलं. होमोसिस्टीन खाली आलं, पक्षाघात काहीसे कमी झाले, हृदयविकाराचे झटके मात्र तेवढेच राहिले. पुढे फक्त बायकांवरच अशी चाचणी झाली, ५,४४२ जणींवर, सात वर्षांहून जास्त. तिथेही झटके कमी झाले नाहीत.

याउलट जपानमध्ये सुमारे ५९ हजार स्त्री-पुरुषांच्या जेवणाचा हिशेब ठेवला गेला. गोळ्या नव्हेत, जेवण. फोलेट आणि बी-६ भरपूर असलेलं जेवण घेणाऱ्या बायकांत पक्षाघात आणि हृदयधमन्यांच्या आजाराचे मृत्यू कमी दिसले, पुरुषांत हृदय निकामी होण्याचे. पुन्हा तेच, एकत्र दिसलं म्हणजे कारण ठरलं असं नाही. भाजी खाणारा माणूस आणखी बऱ्याच गोष्टी बऱ्या करत असतो. पण टाकळा, शेवग्याचा पाला, चवळी, कुळीथ आणि केळी खायला रिपोर्ट लागत नाही, म्हणून मी ते बेधडक सांगते.

बी-१२ कमी असेल तर ते भरून काढायलाच हवं, यात दुमत नाही. हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो, रक्त कमी होतं, आणि फार कमी झालेलं रक्त ओढताना हृदयालाही ताण पडतो. मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत, पित्ताच्या गोळ्या रोजच्या करून टाकणाऱ्यांत ते कमी होतं. त्यांनी ही तपासणी जरूर करावी. आणि मासे खाणाऱ्या घरात बाईचं बी-१२ कमी कसं, असं कुणी विचारलं तर त्यांनी एकदा आमच्या घरचं ताट बघावं. सोमवार, गुरुवार, संकष्टी, श्रावण, मार्गशीर्षातले गुरुवार हे सगळं बाईच पाळते. उरलेल्या दिवसांत तुकड्या नवऱ्याच्या आणि मुलग्यांच्या पानात, आणि शेवटी बसणारीच्या वाटीत रस्सा आणि डोकं. बी-१२ तुकडीत असतं. यावर माझ्या सासूबाई म्हणतात, “डोक्यातच खरी चव.” असेल.

ई जीवनसत्त्व आणि बीटा कॅरोटीन यांचं आटोपतं घेते. अमेरिकेतल्या ३९,८७६ महिला आरोग्य कर्मचाऱ्यांना दहा वर्षं ई देऊन पाहिलं. १४,६४१ पुरुष डॉक्टरांना ई, क आणि मल्टिव्हिटॅमिन देऊन पाहिलं. हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या २९ हजारांवर पुरुषांना बीटा कॅरोटीन दिलं तर फुप्फुसाचा कर्करोग वाढला, हे १९९४ सालीच छापून आलं आहे. तरी सोनेरी डबीतल्या या कॅप्सूल आमच्या बाजारात मिळतात आणि चाकरमानी गणपतीला येताना आणखी घेऊन येतात. आमचे एक भावोजी तर माशाच्या तेलाची कॅप्सूल घेतात. दारासमोर रापण, म्हणजे किनाऱ्यावरचं मोठं जाळं, ओढली जाते, आणि हे कॅप्सूल घेतात! त्याच ‘व्हायटल’ चाचणीत माशाचं तेलही तपासलं होतं. सगळे मिळून पाहता ठोस फायदा नाही. जे मासे कमी खात होते त्यांच्यात थोडा दिसला. भावोजींना हे मी सांगितलं आहे. ते म्हणाले, कॅप्सूलला काटे नसतात.

एक जीवनसत्त्व मात्र असं आहे ज्याच्या अभावानं हृदय थेट निकामी होतं आणि जे दिल्यावर ते थेट सुधारतं. ते बी-१, म्हणजे थायमिन. ते मी कुठल्याही ‘हृदय पॅकेज’मध्ये पाहिलेलं नाही. बेरीबेरी हा त्याच्या अभावाचा आजार. त्याच्या एका प्रकारात हृदय फुगतं, पायांवर सूज येते, आडवं झालं की दम लागतो, आणि थायमिनचं इंजेक्शन मिळालं तर काही तासांत उतार पडू लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जावा बेटावर ख्रिस्तियान आयकमन या डच डॉक्टरांच्या लक्षात आलं की कांडून पांढराशुभ्र केलेल्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की बऱ्या होतात. १९२९ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. पुढे कळलं की उकड्या तांदळावर जगणाऱ्या लोकांत हा आजार फारसा होत नाही. भात भिजवून उकडला की कोंड्यातलं बी-१ दाण्याच्या आत मुरतं, मग कांडला तरी ते सगळं निघून जात नाही.

आमच्याकडे सकाळची पेज उकड्या तांदळाचीच असायची, आणि पेजेत पाणी ओतून टाकत नाहीत, त्यामुळे पाण्यात उतरलेलंही पोटातच जातं. आता उकडा तांदूळ घरी कोण करतो? तपेलं, चूल, अंगणातलं वाळवण, कोण उस्तवार करणार? गिरणीचा पांढरा आला, पेजेच्या जागी चहा-खारी आली. म्हणून इथे बेरीबेरीची साथ आली आहे असं मी मुळीच म्हणत नाही. आपल्या जेवणात आता बाकी पुष्कळ काही असतं. पण ज्या घरात रोज दारू आहे आणि जेवण नाही, किंवा जी म्हातारी माणसं सूज उतरवायला लघवीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतात आणि दोन घास खातात, त्यांच्या बाबतीत डॉक्टरांनी बी-१ आठवावं, एवढं नक्की. त्यांचं पॅकेज कुणी विकत नाही, कारण त्यांच्याकडे पैसे नसतात.

पुड्या निरुपद्रवी असतात हा समज मी एकदा मशीनवर मोडताना पाहिला आहे. निवृत्त होऊन गावी आलेले एक आजोबा. बद्धकोष्ठ, सारखी तहान, उलट्या, आणि बोलता बोलता झोप. कॅल्शियम लावलं तर १३.६. साडेदहाच्या आसपास वरची मर्यादा असते. मशीनचा दोष असेल म्हणून कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच ठाऊक असलेला नमुना, चालवला, तो बरोबर आला. नवीन ट्यूब काढून पुन्हा लावलं, पुन्हा तेच. सुनेला विचारलं तेव्हा कळलं की ड ची पुडी ते आठवड्याला नव्हे, रोज रात्री दुधातून घेत होते, हृदय मजबूत राहावं म्हणून. रक्तातलं कॅल्शियम एवढं चढलं तर हृदयाचे ठोकेच बिघडू शकतात. सलाइनवर ठेवून ते उतरवलं, किडनीचा आकडा मात्र पूर्ववत व्हायला बरेच महिने गेले. पुडीवर सगळं इंग्रजीत, अक्षरं मुंगीएवढी. औषधाच्या दुकानदारांना हात जोडून विनंती आहे, की पुडीवर पेनानं ‘आठवड्यातून एकच’ असं मराठीत लिहून वार घाला. ‘फक्त रविवार’ लिहिलं की आमच्याकडे कुणी चुकत नाही, कारण तो मासळीचा वार.

मग हृदयासाठी बघायचं काय? ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासात, तो २००४ साली आला, पहिल्या झटक्याचे जवळजवळ १५ हजार रुग्ण आणि तेवढीच निरोगी माणसं घेतली होती. नऊ गोष्टींत पुरुषांच्या धोक्याचा ९० टक्के आणि बायकांच्या धोक्याचा ९४ टक्के उलगडा झाला: तंबाखू, रक्तातली चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळं-भाज्या, दारू, हालचाल. या नऊ जणांत व्हिटॅमिनचा आकडा नाही. बायकांना पहिला झटका पुरुषांपेक्षा सरासरी नऊ वर्षं उशिरा आला होता, आणि दक्षिण आशियातल्या लोकांना बाकी जगापेक्षा लवकर. उशिरा येतो म्हणून बायकांना येतच नाही असं घरोघरी धरलं जातं.

आणि तंबाखू म्हटलं की बायका म्हणतात, आमच्यात कोण ओढतं? ओढत नाहीत, मशेरी लावतात. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची पूड सकाळी दातांना, दुपारी कंटाळा आला की पुन्हा, रात्री झोप यावी म्हणून आणखी. रक्त घेताना मी ‘व्यसन काही?’ असं विचारलं तर उत्तर ‘नाय’ येतं, ‘मशेरी?’ म्हटलं की हसून तोंडावर पदर. त्याच इंटरहार्टच्या माहितीत तंबाखू चघळणाऱ्यांना झटक्याचा धोका दुपटीहून जास्त निघाला होता. शिबिराच्या फॉर्मवर ‘धूम्रपान: हो / नाही’ एवढंच असतं, आणि काकी ‘नाही’वर खूण करून सुटतात. तसंच गरोदरपणात बीपी वाढून सूज आली होती का, हा प्रश्न. ज्यांना तो त्रास झाला त्यांना पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट असतो. तिशीत झालेली ती गोष्ट पन्नाशीत कुणी विचारत नाही, आणि बाईही सांगत नाही, कारण पोर सुखरूप झालं तिथेच तिच्या लेखी ती संपली.

झटका बाईलाही छातीतच दुखून येतो, बहुतेक वेळा. पण तिच्यात त्याच्या जोडीला किंवा त्याच्याशिवायही दम, मळमळ, जबडा किंवा पाठ धरणं, कारण नसताना आलेला थकवा हे पुरुषांपेक्षा जास्त दिसतं. आणि ती उशिरा निघते. भात निवळू दे, मुलगा येऊ दे, सकाळ होऊ दे.

शिबिरं घेणारे बचत गट, मंडळं, पक्षांचे कार्यकर्ते यांना माझं सांगणं आहे, की ड आणि बी-१२ च्या पैशांत वाडीतल्या सगळ्या बायकांचं बीपी, साखर आणि कमरेचा घेर मोजून होईल, वर चहाचे पैसे उरतील. नाहीतरी तीस वर्षांच्या पुढच्या प्रत्येकाची बीपी-साखर सरकारी केंद्रात फुकट होते. आशाताई त्यासाठीच घरोघरी फॉर्म भरतात, त्यात तंबाखू चघळण्याचा आणि कमरेच्या मापाचाही रकाना असतो. त्या आल्या की ‘आमका काय झाला नाय’ म्हणून वाटेला लावू नका. आणि डॉक्टरांना विनंती, लहान तोंडी मोठा घास वाटला तरी: पंचेचाळिशीच्या पुढची, दम लागतो म्हणणारी बाई आली की चिठ्ठीवर ईसीजी पहिल्या ओळीत लिहा. ड खाली लिहा, मी काढीन की.

आपल्याकडे एक मागणं आहे. मालवण, देवगड, वेंगुर्ले या किनारपट्टीवरून बांबोळीला पोचायला खूप वेळ जातो, आणि झटक्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जितकं लवकर मिळेल तितकं हृदय वाचतं. कुठल्या ग्रामीण रुग्णालयात रात्रीही ईसीजी निघतो, कुठे ते इंजेक्शन ठेवलेलं असतं, कुठली रुग्णवाहिका कुठे उभी असते, याचा तालुकावार तक्ता आपल्या वार्ताहरांकडून फोन करून तपासून घ्या आणि पहिल्या पानावर छापा, फोन नंबरांसकट. दर तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, कारण मशीन बंद पडतं आणि डॉक्टरांची बदली होते. मी त्याच्या प्रती काढून लॅबच्या दारावर, मासळी बाजारात आणि एसटी स्टँडवर चिकटवीन.

आपली,
लॅब तंत्रज्ञ, मालवण तालुका
(नाव छापू नये, ही विनंती)